भिंतीकडची खुर्ची

ईरा, नील,

परवा व्हिडिओवर ईराने कपाटातून एक टोपी काढून दाखवली. मरून रंगाची, हिरव्या काठाची, वर लोकरीचा गोंडा. "आजी, ही तू सिंगापूरहून आणली होतीस. सिंगापूरमध्ये लोकरीची टोपी कुठून आली?" असं तिने विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत तिची बस आली. एडमंटनच्या बर्फात ती टोपी रोज डोक्यावर असते हे ऐकून बरं वाटलं. इथे सिंगापुरात तिचा उपयोग चहाची किटली गरम ठेवायला होत असे.

टोपी विमल ओहोळची. तिच्याविषयी तुम्हाला लिही, असं आजोबा कितीतरी दिवस म्हणत आहेत. मी टाळत होते, कारण विमलविषयी लिहायला बसलं की मला आधी राग येतो, आणि रागात लिहिलेलं मी दुसऱ्या दिवशी वाचून फाडून टाकते. या वेळी फाडायचं नाही असं ठरवून बसले आहे.

तुम्हाला माहीत आहे, मी पुण्याला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. प्रत्येक वस्तूला एक जागा असते आणि ती वस्तू त्या जागेवर असावी, यापलीकडे मी फारसा कुठला धर्म पाळला नाही. विमलचा धर्म वेगळा होता, आणि मी ख्रिस्ती धर्माविषयी बोलत नाहीये.

ती मला भेटली इथेच मरीन परेड भागात, आमच्या बिल्डिंगसमोरच्या दुकानांच्या रांगेत. नोव्हेंबर संपत आलेला, दुपारचा ठरलेला पाऊस. मी फोनवर आजोबांना छत्री कुठे ठेवली ते विचारत होते. आजोबांच्या मते ओरडत होते. मागून मराठीत आवाज आला, "मावशी, जरा धरता?"

वळून पाहिलं तर चाळिशीची, ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. सुती साडी वर खोचलेली, पायात रबरी स्लिपर, चष्म्यावर पावसाचे थेंब, आणि हातात एका लांब टेबलाचं टोक. दुसरं टोक रस्त्यावर भिजत होतं. मी ते धरलं. टेबल आत ठेवल्यावर कळलं की बाहेर अजून सहा टेबलं आहेत. सातवं आत ठेवेपर्यंत तिला माझं माहेर, आजोबांची जुरोंग आयलंडवरची नोकरी आणि निवृत्ती, आणि तुम्ही दोघं, हे सगळं माहीत झालं होतं. मला मात्र तिचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

'जरा धरता?' हा तिचा नमस्कार होता. ती कोणालाही आधी काहीतरी धरायला द्यायची. ताट, पातेलं, शिडी, कोणाचं तरी रडणारं मूल. हातात वस्तू आली की माणूस लगेच निघून जाऊ शकत नाही, हे तिने फार लहानपणी ओळखलं असावं.

ओहोळ कुटुंब नगरचं. शांतवन, विमल आणि त्यांची पंधरा वर्षांची कृपा. शांतवन चर्चचा पाळक होता, उंच, सावळा, दर वाक्य परवानगी मागितल्यासारखं बोलणारा. नगरच्या मंडळीने, म्हणजे त्यांच्या चर्चने, त्यांना दीड वर्षापूर्वी इथे मिशनरी म्हणून पाठवलं होतं. रविवारी एका भाड्याच्या हॉलमध्ये शांतवन मराठी आणि हिंदीतून उपासना घ्यायचा. कागदोपत्री मिशनरी तो. विमल फक्त त्याची बायको म्हणून पासवर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, आलेली. पण काम काय चाललंय हे पाहायचं तर विमलकडे पाहावं लागे. इथल्या एका मोठ्या मंडळीने त्यांना हे कोपऱ्यावरचं दुकान वापरायला दिलं होतं, आणि त्यात सगळ्यांसाठी एक कॅफे काढायचा असं ठरलं होतं. ज्यांना घरी गेल्यावर दार उघडणारं कोणी नाही, त्यांनी येऊन बसावं, एवढीच कल्पना.

मी पहिल्याच दिवशी तिला स्पष्ट सांगितलं, "हे बघ विमल, येशूविषयी मला काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगून टाक. म्हणजे मी नाही म्हणून मोकळी होते."

ती म्हणाली, "मावशी, मला आत्ता फक्त ते स्टूल सांगायचंय. तेवढं इकडे घ्या."

त्यानंतर तिने मला कधीच काही सांगितलं नाही. त्याचाही मला थोडा राग आला. माझी उत्तरं तयार होती.

आठवडाभरात मी तिच्या बरण्यांना लेबलं लावली, मेन्यू टाइप केला, टेबलांना आकडे दिले. तिने साखरेच्या बरणीत रवा भरला. मेन्यूवर अकरा पदार्थ होते. रोज जे व्हायचं ते वेगळंच असायचं. थालीपीठ लिहिलेलं असेल तर पोहे मिळत. मी विचारलं तर म्हणायची, "आज लोकांची तोंडं पोह्यांची दिसली." चहा मात्र तिचा नगरचा, पातेल्यात दोनदा उकळलेला. तो सगळ्यांनाच द्यायची, मागितला नसला तरी.

आता टोप्या.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नगरहून कोणाच्या तरी सामानातून दोन मोठ्या पेट्या आल्या. कॅफे नाताळाच्या आधी उघडायचा होता. मी उत्साहाने पेटी उघडली, कारण मला वाटलं कपबश्या असतील. आत लोकर. स्वेटर, मफलर, हातमोजे, आणि टोप्या. मी मोजायला लागले आणि चाळीसवर सोडून दिलं. नगरच्या मंडळीतल्या बायकांना कळलं होतं की आपली पाळकीणबाई परदेशात भर हिवाळ्यात कॅफे उघडतेय. परदेश म्हणजे थंडी. मग त्या दिवाळीपासून विणायला बसल्या होत्या. कॅफेत येणाऱ्या गारठलेल्या माणसांसाठी.

मी विमलला विचारलं, "तुला दीड वर्ष झालं इथे. त्यांना सांगितलं नाहीस, इथे बारा महिने पंखा लागतो म्हणून?"

"सांगणारच होते. पण फोन केला तेव्हा त्यांनी टाके घातले होते, मावशी."

"टाके उसवता येतात."

"ऐंशीच्या म्हाताऱ्या विणताहेत. त्यातल्या एकीला धड दिसत नाही. त्यांना म्हणू, उसवा?"

असा तिचा हिशेब. खरं बोलायला एक मिनिट लागलं असतं. तिने त्याऐवजी दोन पेट्या लोकर सांभाळली. आजोबा म्हणाले, यात चूक कोणाची ते काही ठरवता येत नाही. मला येत होतं.

आणि मग कॅफे उघडला त्या दिवशी एसी बिघडला. म्हणजे बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो चालू राहिला, आणि अठरावर अडकला. दुकानाचा एसी इमारतीच्या यंत्राला जोडलेला, त्याचा माणूस सुट्टीनंतर येणार. बाहेर मुसळधार पाऊस, लोक भिजून आत येत आणि दातावर दात वाजवत उभे राहत. विमलने पेट्या उघडल्या. दुपारपर्यंत सगळा कॅफे टोप्या घालून बसला होता. वन-नॉर्थच्या टेक पार्कमध्ये काम करणारे दोन पुण्याचे इंजिनियर, फिलिपिनो नर्सेस, आमच्याच बिल्डिंगमधले निवृत्त टॅन अंकल, सगळे. किटलीवर टोपी, अंड्यांच्या भांड्यावर टोपी. शांतवनने तशाच टोपीत प्रार्थना केली. सगळ्या सिंगापुरात त्या दिवशी हिवाळा फक्त आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर होता.

विमलने फोटो काढून नगरला पाठवले. "बघा, सगळ्यांना बसल्या." आणि माझ्याकडे वळून असं पाहिलं, की जणू हे सगळं तिने आधीच ठरवलं होतं. मला तो चेहरा अजिबात सहन झाला नाही. एसी दुरुस्त झाल्यावरही ती तो अठरावरच ठेवायची. टोप्या आल्या आहेत, मग त्या वापरायला नकोत का, असं तिचं म्हणणं.

पण मला खरं सांगायचं आहे ते टिश्यूच्या पाकिटांविषयी.

तुमच्या आईला माहीत आहे, इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, जागा धरायची असली की टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवतात आणि मग जेवण आणायला जातात. याला 'चोप' करणं म्हणतात. त्या पाकिटाला कोणी हात लावत नाही. मला इथली ही पद्धत पहिल्यापासून आवडते. भांडण नाही, ढकलाढकली नाही. विमलच्या घरी मात्र जेवणं घरातच, बाहेर खाण्याची ऐपत आणि सवय दोन्ही नाही. तिने दीड वर्षात हे कधी पाहिलंच नव्हतं.

कॅफे उघडल्यावर मी एक खोका ठेवला होता, वर लिहिलं होतं, 'विसरलेल्या वस्तू'. आठवड्याने पाहिलं तर त्यात एक छत्री आणि टिश्यूची पाकिटं काठोकाठ.

विमल म्हणाली, "इथली माणसं किती विसराळू, मावशी. आणि सगळी एकच वस्तू विसरतात. मला वाटतं एसीमुळे नाकं गळत असतील बिचाऱ्यांची."

म्हणजे आठ दिवस ती लोकांनी धरलेल्या जागा साफ करत होती. माणूस चहा आणायला काउंटरवर गेला की ही त्याचं पाकीट उचलून खोक्यात टाकायची, टेबल पुसायची आणि दुसऱ्या कोणाला तरी तिथे बसवायची. टॅन अंकल एकदा कप घेऊन परत आले तर त्यांच्या टेबलावर ते दोन पुणेकर पोहे खात होते. ते विमलला म्हणाले, "आंटी, आय चोप ऑलरेडी, लाह." तिला यातलं फक्त 'आंटी' कळलं. तिने त्यांचा कप दोघांच्या मधोमध ठेवला, खुर्चीवर थोपटलं आणि मराठीत म्हणाली, "बसा, अंकल, बसा. जागाच जागा आहे." ते चिडले होते, मी स्वतः पाहिलं. पण बसले. दुसऱ्या दिवशी परत आले आणि पुन्हा त्यांच्यातच जाऊन बसले. त्यांची पत्नी गेल्यापासून लिफ्टमध्ये आम्ही त्यांचा आवाज ऐकला नव्हता.

मी तिला बाजूला घेऊन सगळं समजावलं. आधी ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मग एकदम थांबली.

"म्हणजे माणूस नाही, आणि त्याची जागा अडलेली?"

"पाच मिनिटं. ही इथली शिस्त आहे, विमल."

"शिस्त चांगली आहे. पण माझ्याकडे नाही चालायची. आत आलेला माणूस उभा, आणि खुर्चीवर पाकीट बसलंय."

त्या दिवसापासून तिच्या कॅफेत जागा धरायला बंदी. मी सूचना टाइप करून दिली. तिने ती लावली नाही. ती स्वतः उभी राहायची आणि हात धरून माणसं बसवायची, जिथे खुर्ची दिसेल तिथे, ज्याच्याशेजारी असेल त्याच्याशेजारी.

हे सगळं गोड वाटतं ना वाचायला? आजोबांनाही वाटायचं. ते रोज तिथे टोपी घालून पेपर वाचत. पण जी बाई कोणालाही उभं ठेवत नाही, तिच्या घरी काय असतं ते मला माहीत होतं, कारण तिच्या घरातलं माणूस रोज माझ्या घरी येत होतं.

कृपा. शाळा सव्वादोनला सुटायची. जानेवारीपासून ती थेट आमच्याकडे यायची आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर अभ्यास करायची. का, ते मी पहिले काही दिवस विचारलं नाही. मग कळलं की तिचं अभ्यासाचं टेबल कॅफेत गेलंय. त्यावर किटल्या ठेवतात. तिच्या खोलीत एक नवीन आलेली विद्यार्थिनी राहतेय, हॉस्टेल मिळेपर्यंत. त्याआधी एक नर्स होती. कृपा हॉलमध्ये गादीवर झोपायची. वाढदिवसाला विमलने केक केला आणि तो कॅफेत कापला, तिसांनी टाळ्या वाजवल्या. कृपाला शेवटी तुकडा उरला नाही. विमलला ते समजलंसुद्धा नाही. ती पुढच्या माणसाला बसवत होती.

कृपा माझ्याशी मराठी बोलायची, चिडली की इथल्या मुलांसारखं इंग्रजी. "आजी, एव्हरीबडी गॉट प्लेस. ओन्ली मी नो मोर."

मी विमलला दोन-तीनदा बोलले. ती ऐकून घ्यायची, खरोखर वाईट वाटायचं तिला, डोळे भरायचे. आणि तेवढ्यात दार वाजायचं. मिशनऱ्यांच्या मुलांना हे सोसावंच लागतं, असं ती एकदा म्हणाली. तिचे वडीलही पाळक होते. तिचं लहानपण नगरजवळच्या गावात, दर आठवड्याला घरात नवी माणसं, आणि ती चुलीजवळ झोपायची. "मला काही झालं नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, "तुला काय झालं ते मी रोज पाहते आहे." हे मी बोलायला नको होतं.

मार्चच्या सुट्टीत कृपा माझ्याकडे एक कागद घेऊन आली. तिला नगरला परत जायचं होतं. तिथे तिची आजी होती, शांतवनची आई, आणि शाळेचं वसतिगृह. आईबाबांना पत्र लिहायचं होतं, कारण तोंडाने बोलायला गेलं की मध्ये कोणीतरी येतं. तिने लिहिलेलं पत्र दोन पानं नुसतं रडणं होतं. तिने विचारलं, "आजी, नीट करून द्याल?"

मी नीट करून दिलं. ईरा, नील, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. मी त्याचे तीन परिच्छेद केले. पहिल्यात परिस्थिती, दुसऱ्यात कारणं, तिसऱ्यात विनंती. रडणं काढून टाकलं. ते इतकं चांगलं झालं की त्याला कोणी नाही म्हणू शकलं नसतं.

दोन दिवसांनी विमल सकाळी माझ्याकडे आली. एकटी, रिकाम्या हातांनी. तिला मी रिकाम्या हातांनी पाहिलं ते तेव्हाच. पत्र तिच्या पर्समध्ये होतं. ती बसली नाही.

"अक्षर कृपाचं आहे," ती म्हणाली. "मुद्दे तुमचे आहेत, मावशी. इतकं क्रमाने आमच्या घरात कोणी बोलत नाही."

मी हो म्हटलं.

"चुकीचं काही नाही त्यात. शांतवनने वाचलं, तो म्हणाला, सगळं खरं आहे." मग म्हणाली, "जूनपर्यंत वेळ आहे. काय करू, सांगा. क्रमाने सांगा."

तिने मला सल्ला विचारला तोही एवढ्या एकाच वेळी. मी म्हटलं, "तिला एक जागा दे. ठरलेली. ती जागा दुसऱ्या कोणालाही द्यायची नाही, काहीही झालं तरी."

माझ्या मनात तिची खोली होती. कोणीही तेच समजलं असतं. दुसऱ्या दिवशी कॅफेत गेले तर भिंतीकडच्या टेबलावर, एका खुर्चीसमोर, टिश्यूचं पाकीट. विमलने चोप केलं होतं. खोलीत ती विद्यार्थिनी तशीच होती. मी कपाळाला हात लावला.

पण कृपा आली. खरं सांगते, मला वाटलं नव्हतं. तीन आठवडे रोज अडीचच्या सुमारास ती भिंतीकडे तोंड करून, कानात इयरफोन घालून तिथे बसायची. विमल ताट आणून ठेवायची, एक मिनिट मागे उभी राहायची आणि जायची. कॅफे कितीही भरला तरी सव्वादोन झाले की ती खुर्ची रिकामी व्हायची, आणि तिच्यासमोर पाकीट. टॅन अंकलना हे फार पटलं. "नाऊ यू अंडरस्टँड," ते विमलला म्हणाले. माझं जेवणाचं टेबल रिकामं पडलं होतं आणि मला त्याचा आनंद होता. कृपा जाणार की राहणार याविषयी कोणी बोलत नव्हतं. मला वाटू लागलं होतं की राहील.

एप्रिलमध्ये एका दुपारी असा पाऊस आला की रस्त्यावरचे सगळे आत शिरले. बसायला जागा उरली नाही. त्यात एक म्हातारे सफाई कामगार आले, आमच्याच रस्त्यावर झाडतात ते. युनिफॉर्म निथळत होता, बूट पाण्याने भरलेले. थंडीने, म्हणजे त्या अठराच्या एसीने, त्यांचे हात थरथरत होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीकडच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

विमल लगबगीने गेली. मला वाटलं बसवायला गेली. ती म्हणाली, "नो, अंकल. सॉरी. समबडी कमिंग."

कॅफेत जे तिला ओळखत होते ते सगळे वळून पाहू लागले. विमलने कोणाला 'नो' म्हटलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. ते म्हातारे लगेच बाजूला झाले, माफी मागितल्यासारखे. विमलचा एक हात खुर्चीवर होता आणि ती त्यांच्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. की बघा, मावशी, करतेय मी.

आणि दारात कृपा उभी होती. छत्री बंद करता करता थांबलेली. ती सरळ टेबलापाशी आली, पाकीट उचलून स्कर्टच्या खिशात टाकलं, खुर्ची ओढली.

"अंकल, सिट," ती म्हणाली. "नोबडी कमिंग."

ते बसले. कृपाने पेटीतली एक टोपी काढून त्यांच्या हातात दिली, आतून चहा आणून दिला, तो उजव्या हाताशी ठेवला, अगदी विमल ठेवते तसा. मग दप्तर उचललं आणि आमच्या घरी निघून गेली. संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर गणितं सोडवत बसली. जाताना तिनेच सांगितलं, "मला राग नाही आला, आजी. मी तिच्यासारखीच होतेय. म्हणून जायचंय."

जूनमध्ये ती गेली. चांगी विमानतळावर विमलने फ्लास्क, डबा, स्वेटर सगळं आणलं होतं. "मावशी, जरा धरता?" असं म्हणून ते सगळं माझ्याकडे दिलं आणि लेकीला मिठी मारली. कृपा आधी ताठ उभी होती. ती आईपेक्षा उंच झाली होती. शेवटी तिने आईच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. शांतवन घड्याळाकडे पाहत होता. मी फ्लास्क धरून उभी होते, आणि फ्लास्क गळत होता.

त्यानंतर विमलकडे जाणं मी कमी केलं. मी तिला टाळत होते, असं आजोबा म्हणतात. मला वाटतं, मला एसी सोसत नव्हता. पण जेव्हा जायचे तेव्हा पाहायचे की सव्वादोनला भिंतीकडच्या टेबलावर पाकीट येतं. तीन वाजता ते उचललं जातं. रोज. ऑगस्टमध्ये मला राहवेना.

"विमल, ती आता येणार नाहीये."

"माहीत आहे, मावशी."

"मग लोक उभे असतात ना."

"असतात." ती कप विसळत होती. "ती होती तेव्हा मला जमलं नाही. आता कुठे हात बसतोय." आणि तिने ओले कप माझ्या हातात दिले.

पुढच्या जानेवारीत तुमची आई बर्फावर घसरून पाय मोडून बसली आणि मी तुमच्याकडे आले. पाच महिने राहिले. मी परत आले तेव्हा कोपऱ्यावर केस कापायचं दुकान होतं. ओहोळांच्या पासची मुदत संपली आणि त्यांना नगरला परत बोलावून घेतलं, असं आजोबांनी सांगितलं. आजोबांकडे तिने माझ्यासाठी एक बरणी ठेवली होती, माझ्या अक्षरातल्या लेबलाची. लेबलावर 'साखर'. आत मीठ. आता ती नगरला आहे, कृपाच्या शाळेपासून चालत जाण्याइतकी जवळ. शांतवन नाताळाला संदेश पाठवतो. विमल पाठवत नाही. कोणीतरी आलेलं असेल.

पण माझ्या डोळ्यांसमोर येते ती नगरची विमल नाही. तुमच्याकडे निघायच्या आदल्या दिवशी मी औषधं आणायला बसने गेले होते. येताना पाऊस होता, बस सिग्नलला थांबली, बरोबर कॅफेसमोर. काच ओली. आत गर्दी, लोक कप घेऊन उभे, कोणाकोणाच्या डोक्यावर टोप्या. विमल भिंतीकडच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती आणि कोणाला तरी मान हलवून नाही म्हणत होती. मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं. माझ्या पर्समध्ये तुमच्यासाठी तिच्याकडून मागून घेतलेल्या दोन टोप्या होत्या. पुढचा स्टॉप आमचाच होता. उतरून चालत मागे यायला तीन मिनिटं लागली असती. मी आले नाही. सामान भरायचं होतं.

आले असते तर तिने मला त्या खुर्चीवर बसू दिलं असतं का, याचा मी पुष्कळदा विचार करते. दिलं नसतं, असं मला वाटतं. आणि दिलं असतं, तर मी तिला कधीच माफ केलं नसतं.

तुमची,
आजी